ठसा पाहिला का?

तो फोटो मी पुढे पाठवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ओटा आवरून झाला होता, दूध निवत होतं आणि मी उभ्या उभ्याच मोबाईल बघत होते. आमच्याकडे भावंडांचा एक ग्रुप आहे. म्हणजे तो खरं तर पुढच्या पिढीचा... माझी लेक, दादाचा मुलगा, मावशीकडची नातवंडं. मोठ्यांपैकी त्यात मी एकटीच, कारण एका दिवाळीत फराळाच्या डब्यांचा हिशोब ठेवायला मला कुणीतरी आत घेतलं आणि नंतर काढायचं विसरले. तर त्या ग्रुपवर भाचेबुवांनी एक फोटो टाकला होता. गावातल्या शाळेमागची पायवाट, डाव्या हाताला ऊस, आणि वाटेच्या मधोमध, जणू आपलीच वाट आहे अशा थाटात बसलेला बिबट्या. खाली दोनच शब्द होते, "कसा आहे?"

ते दोन शब्द मी वाचलेच नाहीत.

मी काय केलं, तर तो फोटो उचलला आणि माहेरच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. चुलत, मावस, सोयरे धरून बेचाळीस माणसं आहेत त्यावर. वर स्वतःच्या शब्दांत लिहिलं, "शाळेच्या मागे बिबट्या बसलाय. मुलांना बाहेर सोडू नका." मग दूध फ्रीजमध्ये ठेवलं आणि झोपायला गेले. आपण काहीतरी चांगलं काम केलं असंही वाटलं असावं, आता खोटं कशाला बोलू.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझं माहेर नारायणगावजवळचं. जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारशेजारचे तालुके. माणिकडोह, येडगाव, डिंभे अशी धरणं झाली, कालवे आले, पाठोपाठ ऊस आला. एकीकडे विघ्नहर, दुसरीकडे भीमाशंकर कारखाना, आणि मध्ये नजर जाईल तिथे ऊस. बिबट्याला लपायला, पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? उसातच जन्मलेले, डोंगरावरचं जंगल कधी न पाहिलेले बिबटे आमच्याकडे आहेत. गावात त्याला बिबट्या कुणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात, तीनेक आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन मुलं होती. मग लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. अशा दिवसांत, डिसेंबरच्या त्या रात्री, मी तो फोटो पाठवला होता. आमच्या गच्चीवरून खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एकेक. त्यांना कुठल्या कुठल्या आकाशगंगांचं ऐकू येतं. आम्हाला मात्र दोन शेतं पलीकडे काय चाललंय ते मोबाईलवर कळतं!

पुढचं सगळं मला नंतर कळलं. माझा निरोप साडेनऊच्या आत गावाच्या ग्रुपवर पोचला होता, आणि वाटेत कुणीतरी त्याला "आत्ताचा फोटो" असं शेपूट लावलं होतं. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती, दादा गव्हाला पाणी द्यायला निघायच्या बेतात होता. तो थांबला. पोरं काठ्या, बॅटऱ्या, उरलेसुरले दिवाळीचे फटाके घेऊन शाळेमागे जमली. वनखात्याची माणसं आली, त्यांनी तासभर उसाच्या कडेने बॅटऱ्या मारल्या. शाळेच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडची माणसं, पाच-सहा कुटुंबं. मुकादमाने त्यांना सांगितलं, वाघ आलाय, इथे झोपू नका. त्यांनी पोरंबाळं उचलली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसली. डिसेंबरचा गारठा, आमच्याकडचा. वर ताडपत्रीसुद्धा नव्हती.

पावणेबाराला माझा फोन वाजला. भाचेबुवा. आवाज इतका बारीक की आधी मला ओळखूच येईना.

"आत्या, तो खरा नाहीये."

"काय खरा नाही?"

"वाघ. मी बनवलाय. ताईला दाखवायला. वाट खरी आहे, वाघ ॲपने घातलाय."

मी काही क्षण गप्पच. मग माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "मग तू तसं लिहिलं का नाहीस?" आणि तो म्हणाला, "लिहिलं होतं ना, कसा आहे म्हणून."

खरंच की. पोरगं 'चित्र कसं जमलंय' असं विचारत होतं. शाळेच्या मागे बिबट्या बसलाय, हे वाक्य त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. ते माझं होतं. लांडगा आला रे आला या गोष्टीत मेंढपाळाचं पोर खोटं बोलतं आणि गाव शहाणं असतं. आमच्या गोष्टीत पोराने चित्र काढलं होतं आणि ओरडली होती पुण्यातली शहाणी आत्या.

मी लगेच लिहिलं, "मी पाठवलेला फोटो खोटा आहे, संगणकाने बनवलेला. चूक माझी आहे. कृपया पुढे पाठवू नका." रात्री बाराला तीन जणांनी अंगठा दाखवला. बस. फोटोचे पाय आणि दुरुस्तीचे पाय यांत हा फरक! चार दिवसांनी ठाण्याच्या एका चुलत नणंदेने तोच फोटो मला पाठवला, ओतूरचा म्हणून. मग आठवड्याने मंचरचा म्हणून आला. वाट आमचीच, ऊस आमचाच. माझी दुरुस्ती मात्र मला कुणी म्हणजे कुणीही परत पाठवली नाही.

शनिवारी वाकडेवाडीहून एसटी पकडली. चाकण, खेड, मंचर... साधारण तीन तास होते डोक्याला खाद्य. घरी पोचले तर दादाने पोराला एक ठेवून दिली होती आणि मोबाईल कपाटात कुलूपबंद. वहिनी तोंड पाडून भाकऱ्या थापत होती. दादा म्हणाला, "आता दहावी होईस्तोवर हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मग माझाही मोबाईल ठेव आत. पाठवला तर मी होता." तो हसला नाही.

मला राग पोराचा येत नव्हता. आठवतं का, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा मोबाईल याच्या हातात आपणच दिला. तेव्हा हा आठ वर्षांचाही नव्हता. अभ्यास मोबाईलवर यायचा, रेंज पत्र्यावर चढल्यावर यायची. त्या मोबाईलचा कोपरा फुटू नये म्हणून दादाने कव्हर आणलं, काचेला काच लावली. आणि सांगितलं काय? ओटीपी कुणाला देऊ नको, अनोळखी माणसाशी बोलू नको, गेम जास्त खेळू नको. झालं आमचं शिक्षण. सायकल शिकवताना दादा त्याच्या मागे पंधरा दिवस पळाला होता. इथे पहिल्याच दिवशी हात सोडला. इन्स्टाग्रामवर खातं काढायला तेरा पूर्ण लागतात, हे त्याला अकराव्या वर्षी कळलं होतं, म्हणून त्याने जन्मसाल २००४ टाकलंय. म्हणजे त्या कंपनीच्या लेखी आमचे भाचेबुवा एकवीस वर्षांचे, लग्नाचे! हे मला त्या दिवशी कळलं, दादाला माझ्यासमोर. वहिनीला आधीपासून माहीत होतं, पण ते असो.

रात्री जेवताना मी सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट काढली. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, की घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद. दीड तासाने पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. मला फार आवडलंय ते. म्हटलं, आपल्या गावात का नाही करत? दादा पहिल्यांदा हसला. "अगं, इथं भोंगा वाजवला तर गाव काठ्या घेऊन पळंल." खरं आहे. बिबट्या कॅमेऱ्यात दिसला की आपोआप भोंगा वाजवणारी यंत्रं वनखात्याने जुन्नर भागात बसवली आहेत. गंमत अशी, की त्या यंत्रातही हेच कृत्रिम बुद्धिमत्तेचं डोकं आहे. एक खरा बिबट्या ओळखायला, एक खोटा बनवायला. दोन्ही आमच्याच उसात.

झोपताना मला अण्णा आठवले. (आमचे वडील. जाऊन अकरा वर्षं झाली.) २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे हल्ले एकदम वाढले होते. तेव्हा मोबाईल कुणाकडे होता? तरी अफवा होत्याच, फक्त त्या एसटीने यायच्या. वनखातं ट्रक भरून बिबटे आणून सोडतंय, ही सगळ्यात मोठी. गंमत म्हणजे ती अगदी निराधारही नव्हती. पकडलेले बिबटे त्या वेळी खरंच लांबच्या जंगलांत नेऊन सोडत असत. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे ते या काळात सतरावर गेले होते. जागा बदललेलं जनावर बिथरतं. म्हणजे अफवेत एक दाणा खरा होता आणि भोवती पोतंभर भुसा. अण्णांना तो निवडता यायचा. पारावर कुणी सांगत आलं, की काल वाघ आला होता, तर अण्णा घाबरायचेही नाहीत आणि हसायचेही नाहीत. ते एकच विचारायचे, "ठसा पाहिला का?" पाहिला असेल तर कुठे, किती वाजता, तू स्वतः की दुसऱ्याने सांगितलं? नसेल पाहिला तर टॉवेल खांद्यावर टाकून, "चल, बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला म्हटलं, चल, बघून येऊ. दादाही आला, मोबाईल खिशात घालून. कालव्याच्या कडेने ओल्या मातीत आम्ही तिघं वाकून चालत होतो. सापडले ते आधी सगळे कुत्र्याचेच. दादाने पोराला दाखवलं, हे बघ, बोटांच्या पुढे नखांचे टोचे दिसतात ना, ते कुत्रं. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नख उमटत नाही. ठसाही गोलसर असतो. पोराला हे काहीच माहीत नव्हतं! वाघाच्या गावात जन्मलेलं पोर, ॲपकडून हवा तसा बिबट्या बसवून घेतं, मिशांसकट, आणि ठसा कसा दिसतो ते ठाऊक नाही. चूक कुणाची? मला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं, दोघांनी सांगितलं नव्हतं.

चालता चालता त्याला मी पिंपरखेडच्या बायकांचा फोटो आठवतो का विचारलं. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करणाऱ्या. तो म्हणाला, "तो तर फेक आहे आत्या, कळतंच की." मी म्हटलं, तो खरा आहे. बिबट्या मान धरतो म्हणून माणसांनी खरंच तसे पट्टे घातले, त्याच्या बातम्या झाल्या, बायका स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलल्या. तो चालायचा थांबला. खोटा फोटो मला खरा वाटला होता आणि खरा त्याला खोटा. आधी म्हणायचे, हाताची बोटं मोजा, सहा दिसली की चित्र मशीनचं. ते दिवस संपले. आता नुसत्या डोळ्यांचा काही भरवसा नाही. गाव कोणतं, तारीख कोणती, सांगणारा तिथे होता का, आणखी कुणी पाहिलंय का... फिरून अण्णांच्याच प्रश्नांवर यायचं. हे मी त्याला शिकवत होते की स्वतःला, मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

मग मी त्याला राईनपाड्याचं सांगितलं. सांगावं की नाही यावर एसटीत बराच विचार केला होता, तेरा वर्षांच्या मुलाला. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप मोबाईलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात दिसले आणि जमावाने त्यांना ठेचून मारलं. पाचही जण. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असं केलं. पाच! मी तर एकाच ठिकाणी पाठवला होता.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "ज्यांनी ते मेसेज पुढे पाठवले, ते तेव्हा कुठे होते?"

"आपापल्या घरी असतील," मी म्हटलं. "दूध तापवत."

दादाने माझ्याकडे पाहिलं. पण म्हणाला काही नाही.

पुलाच्या अलीकडे, जिथे म्हशी पाण्यात उतरतात तिथे, दादा खाली बसला. ठसा होता. गोल, चार बोटं, नख नाही. एक नव्हे, ओळीने सात-आठ, पाण्याकडून उसाकडे गेलेले. कडा थोड्या वाळल्या होत्या. दादा म्हणाला, परवाच्या रात्रीचे असतील. खरं सांगते, माझ्या पाठीतून कळ गेली. इतका वेळ आपण जणू शाळेचा एखादा प्रकल्प करत होतो, आणि हा इथून खरोखर चालत गेला होता.

भाच्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. दादाने क्षणभर विचार केला आणि आपला मोबाईल त्याच्या हातात दिला. पोराने ठशाशेजारी काडेपेटी ठेवली, दोन फोटो काढले. मग विचारलं, "कुणाला पाठवू?" (हे त्याने विचारलं, यासाठी माझं एसटीचं तिकीट वसूल झालं असं म्हणायला हरकत नाही.) वनरक्षकांचा नंबर दादाकडे होता. १९२६ हा वनखात्याचा हेल्पलाईन नंबरही आहे, लिहून ठेवा. त्याने लिहिलं: कालव्याचा पूल, म्हशींचा उतार, रविवारी सकाळी पाहिला, ठसे परवाचे असावेत. खाली दादाचं पूर्ण नाव. गावाच्या ग्रुपवर तोच मजकूर टाकला, शब्दही न बदलता. त्यावर दोघांनी लगेच विचारलं, हाही मोबाईलवर बनवलाय का? ते ऐकून घ्यावं लागलं. अजून काही दिवस ऐकावं लागेल.

एक काम राहिलं होतं. मी म्हटलं, कोपीवर जायचंय. दादा म्हणाला, "त्यांना काय सांगणार? त्यांनी तो फोटो बघितलासुद्धा नसंल." तरी गेलो. पुरुष माणसं फडात होती. एक बाई चुलीपुढे बसून भाकरी करत होती, मागे दोन बांबूंना बांधलेल्या साडीच्या झोळीत सव्वा-दीड वर्षाचं पोर झोपलेलं. मी सांगितलं, त्या रात्री वाघ आला म्हणून तुम्हाला उठवलं, ते खोटं होतं, मीच पाठवलं होतं. तिला नीट कळेना. "तुमी कशाला पाठवता?" असं तिने साधेपणाने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

"आमच्याकडं तसला मोबाईल न्हाई," ती म्हणाली. "मुकादम म्हनला वाघ आलाय, मंग गेलो टाल्लीत. लेकराला गारठा लागला, दोन दिस ताप व्हता. एक दिस फडात गेले न्हाई मी." मुकादमाने तो खाडा तिच्या नावावर मांडला होता, हे तिने तक्रार म्हणून नाही, आपलं सांगायचं म्हणून सांगितलं. मी पर्समध्ये हात घातला, मग लाज वाटून बाहेर काढला, मग परत घातला. तिने पैसे घेतले. मला बरं वाटलं नाही.

भाचा तोवर गप्प उभा होता, पायाने पाचट उकरत. बाईने त्याच्याकडे बघून विचारलं, "मंग खरा वाघ कुठं हाये?"

त्याने बोट दाखवलं. "तिकडं. कालव्याच्या पुलाकडून उसात गेलाय. परवा रात्री. आम्ही आत्ताच ठसे बघितलेत. मी स्वतः बघितलेत."

बाई उठली, हात पदराला पुसले. झोळीचा एक बांबू उपटला, मग दुसरा. भाच्याने पुढे होऊन झोळी धरली, आणि दोघांनी मिळून ती उसाच्या कडेची काढून चुलीच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला रोवली. पोर जागं झालं नाही.